जावेच्या बाळाची राखाडी गोधडी

न्यू जर्सीहून एकीने लिहिलंय. तिची धाकटी जाऊ सिॲटलला असते, तिला डिसेंबरमधे बाळ होणार आहे आणि तिने हक्काने सांगितलंय की ताई, गोधडी तुमच्याच हातची हवी, पण रंग राखाडी, पांढरा, काळा आणि थोडासा मोहरी. हिच्या मनात मात्र गुलाबी, आंबा पिवळा, पोपटी असं काय काय होतं. गणपतीत पुण्याला येतेय तेव्हा कापड घेईन म्हणते, पण इकडे सासूबाई म्हणतायत बाळाला काळं कुणी देतं का! "काकू, मला ते रंग बघवतसुद्धा नाहीत, माझा हात तरी चालेल का त्यावर?"

अगं चालेल. पण आधी माझं एक ऐक.

माझ्या नातीच्या वेळी सुनेने कॅनडाहून राखाडी आणि फिकट निळा सांगितला होता. मी शिवलीही तशीच, पण शेवटी मला राहवेना म्हणून चारी कडांना राणी रंगाची पट्टी लावली, वाटलं जरा उठाव येईल. सून थँक्यू आई म्हणाली, बाकी काही बोलली नाही. मी तिकडे गेले तेव्हा गोधडी कपाटात वरच्या कप्प्यात घडी घालून पिशवीत ठेवलेली. फार लागलं मला, दोन दिवस मी नीट बोललेसुद्धा नाही कुणाशी. मग माझं मलाच कळलं की तिने मागितलं होतं एक आणि मी दिलं दुसरं, आणि वर ती खूश व्हावी अशी अपेक्षा पण माझीच. दोन रात्री बसून ती पट्टी उसवली, राखाडीच लावली. त्यानंतर ती गोधडी हॉलमधे जमिनीवर जी पसरली ती पसरलीच, नात पालथी पडायला शिकली ती तिच्यावर.

म्हणून सांगते, रंग तिचे तसेच ठेव. एक छोटासा गुलाबी तुकडा कोपऱ्यात, असंही नको.

सासूबाईंचं म्हणशील तर त्यांना बोरन्हाणाची आठवण करून दे. संक्रांतीला आपणच बाळाला काळं झबलं घालतो, वर हलव्याचे दागिने, आणि आपण स्वतः चंद्रकळा नेसतो ती काळीच की. शिवाय नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचंच स्पष्टसं दिसतं, आणि सुरुवातीला ठळक काळं-पांढरं त्याला जास्त कळतं, रंग नीट दिसायला पाचेक महिने जातात. म्हणजे जावेने मागितलेले रंग बाळाच्या डोळ्यांना उलट सोयीचेच आहेत. हे त्यांना वाद घालायला म्हणून सांगू नकोस, चहा पिताना सहज सांग.

आता कापड. तुळशीबाग, लक्ष्मी रोड, रविवार पेठ जिथे जाशील तिथे पण गणपती बसायच्या आधी जा, तुळशीबागेचा गणपती मानाचा चौथा, त्या दहा दिवसांत तिथे निवांत उभं राहून शेड बघणं जमणारच नाही. राखाडी एक नसतो, कुठला निळसर मारतो तर कुठला मातकट, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळे सारखेच दिसतात, तेव्हा ठाण घेऊन दारापर्यंत ये आणि उजेडात बघ. जावेला तिथूनच व्हिडिओ कॉल कर, आपले सकाळचे 11 म्हणजे तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेदहा, जागी असेल ती. आणि चार शेड घेताना एक गडद, एक फिकट, बाकी मधले असं बघ, नाहीतर सगळे राखाडी एकमेकांत मिसळून जातात आणि मग गोधडी खरंच उदास दिसते. फोनवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करून बघितलास की फरक आहे का नाही ते लगेच कळतं.

36 बाय 36 इंच पुरते बाळाला. सहा इंचाचे 36 चौकोन, शिलाईसाठी पाव पाव इंच धरून साडेसहाचे काप. 44 इंच पन्ह्यात एका ओळीत सहा चौकोन बसतात, म्हणजे चार रंग प्रत्येकी अर्धा मीटर घेतलेस तरी धुऊन आटल्यावर उरेल, आणि मागच्या बाजूला सव्वा मीटर. सगळं सुतीच घे, मऊ, हाताला आवडेल असं. रंग तुझ्या आवडीचा नाहीये ना, मग निदान स्पर्श तरी आवडीचा असू दे, तासन्‌तास ते हातात असणार आहे. कापायच्या आधी सगळं एकदा धू, काळं तर वेगळं आणि दोनदा, ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघ रंग लागतो का ते. तिकडे सगळं ड्रायरमधे जातं त्यामुळे आटायचं ते आधीच आटलेलं बरं. आरसे, मणी, गोंडे काही लावू नकोस, बाळ सगळं तोंडात घालतं. आणि टाचण्या मोजून घे आणि शेवटी मोजून ठेव, यात अजिबात हयगय नको.

तुझा हात चालेल का म्हणालीस. मला तरी असं दिसलंय की फुलाफुलांच्या कापडावर धावदोरा हरवून जातो, कितीही बारीक घाला कुणाला दिसत नाही, पण साध्या राखाडीवर पांढऱ्या दोऱ्याचा एकेक टाका उठून दिसतो. कडेकडेने चौकोन घेत आत मध्यापर्यंत ये, आपल्या जुन्या गोधड्यांसारखी. तिथे तू दिसशील, रंगात नाही दिसलीस तरी. रोज अर्धा पाऊण तासच बस आणि दिवसा बस, रात्री दिव्याखाली काळ्यावर काळा दोरा घालत बसलीस तर कंटाळशील आणि डोळेही दुखतील.

एक मात्र आधीच घरात सगळ्यांना सांगून ठेव. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं सांगणं आहे की पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळाच्या क्रिबमधे पांघरूण, गोधडी, उशी काहीच ठेवायचं नाही, श्वास अडकण्याची भीती असते. तेव्हा ही जमिनीवर पसरायला, मांडीवर घ्यायला, नंतर मोठं झाल्यावर पांघरायला. नाहीतर सासूबाई तिकडे जातील, बाळ गोधडीशिवाय झोपलेलं बघतील आणि त्यांना वाटेल आवडली नाही म्हणून बाजूला ठेवली.

आणि आतल्या थराचं म्हणशील तर सासूबाईंची एखादी जुनी सुती साडी माग. खूप धुतलेली, विटलेली, रंग जाऊन जाऊन मऊ झालेली. गडद असेल तर पांढऱ्या चौकोनांमागून तिची सावली दिसते, म्हणून फिकटच बघ. जावेला मात्र आधी विचार आणि साडी कुणाची तेही सांग, ती नको म्हणाली तर नको. हो म्हणाली तर साडी सासूबाईंनाच अंथरायला लाव, काळं काळं करणं तिथेच थांबेल असं मला वाटतं.

कापड घेतलंस की फोटो पाठव मला, दुकानाच्या दारात उजेडात काढलेला.