त्यांच्या जाण्याने गावातलं काय थांबलं?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहतो. वडील माथाडी, आधी मशीद बंदरला आणि नंतर वाशीच्या मार्केटात. मूळ गाव पाटण तालुक्यात, डोंगरावरची वाडी. सत्तर-पंचाहत्तर उंबरे, त्यातल्या निम्म्या घरांना कुलपं. गेल्या दोन वर्षांत वाडीतली अकरा माणसं गेली, बहुतेक सत्तरीपुढची. चैत्रातल्या यात्रेला त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची असं आमच्या मुंबईकर मंडळात ठरलं. मी मेसेज शुद्ध लिहितो, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. घरोघरी फोन केले तर सगळीकडून एकच उत्तर : ‘प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक वृत्तीचे.’ अकरा पानांवर हेच छापू का? दोन म्हाताऱ्यांची माहेरची नावं घरात कुणालाच माहीत नाहीत. जन्मतारखा विचाराव्यात तर सगळ्यांच्या 1 जून. आणि एक जण दारूपायी गेला. त्याचं काय लिहायचं?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : त्या 1 जूनचं पाप थोडं माझ्याही माथ्यावर आहे. मुरबाड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये मी 31 वर्षं शिकवलं. जूनमध्ये बाप पोराचं बखोट धरून यायचा. ‘जन्म कधीचा?’ विचारलं तर म्हणायचा, ‘भात लावायच्या आधीचा.’ पोराला सहा पूर्ण दिसायला हवीत, मग आम्ही जनरल रजिस्टरात 1 जून टाकून मोकळे. एका वर्षी पहिलीच्या हजेरीत 23 मुलं होती आणि त्यातल्या 17 जणांचा वाढदिवस एकाच दिवशी. त्या दिवशी वर्गात कधी पेढा वाटला गेला नाही, ते वेगळं.

तेव्हा तारखेचा नाद सोडा. तुमच्या भागात तर एक पक्की खूण आहे, कोयनेचा भूकंप. 11 डिसेंबर 1967, पहाटेची वेळ. पाटण तालुक्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला ‘तुमचं वय काय’ विचारू नका, ‘भूकंपाच्या पहाटे तुम्ही कुठे होतात’ विचारा. जी म्हणेल ‘आईच्या कडेवर’, तिचं वय तुम्हाला मिळालंच, शिवाय एक पान मजकूरही मिळाला. आमच्या बाजूला माझ्या आत्या ‘सिद्धगडावर भाई कोतवाल पडले त्या साली’ असा हिशोब करायच्या, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातले कोतवाल पोलिसांच्या गोळीने गेले तो 2 जानेवारी 1943. मुंबईला गिरणीत असलेल्यांसाठी 18 जानेवारी 1982 चा संप धरा. संपात कोण गावी परत आला, कोण मुंबईतच राहून दुसऱ्या कामाला लागला, एवढं विचारलंत तरी त्या माणसाचं अर्धं आयुष्य समोर येतं.

आता तुमच्या ‘प्रेमळ, मनमिळाऊ’कडे येते. हे शब्द नाक्यावरच्या बॅनरसाठी ठीक आहेत. घरचे खोटं बोलत नाहीत. फोनवर अचानक कुणी विचारलं की माणूस बॅनरच वाचून दाखवतो, एवढंच. निवृत्त झाल्यावर आमच्या वाडीतल्या गेलेल्या माणसांची मी एक वही केली. तिची पहिली आठ पानं अशीच आहेत. आज मलाच ओळखू येत नाही की कुठलं पान कुणाचं.

नववं पान एका काकूंचं. (नाव देत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही.) त्या लाल भाताचं बियाणं राखायच्या. उंच, बारीक दाण्याचा जुना भात. सगळ्यांनी तो सोडून दिला होता, पण काकू दरवर्षी पाच-सहा गुंठ्यांत लावायच्या आणि वाडीत ज्याला हवं त्याला पायलीभर बी द्यायच्या. पुढच्या हंगामात सव्वा पायली परत. कणगी वेगळी, तळाला राख, वर कडुनिंबाचा पाला. काकू माघात वारल्या. तेराव्याला पन्नास-साठ पानं उठणार होती. घरातला तांदूळ पुरेना, तेव्हा कुणीतरी ती कणगी उपसून गिरणीवर भरडून आणली. जेवताना एक म्हातारा म्हणाला, ‘भात लाल कसा?’ तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की आपण काय खातोय. घरच्यांचीही चूक नव्हती. काकूंनी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

त्या दिवसापासून मी एकच प्रश्न विचारते : ‘त्या माणसाच्या जाण्याने वाडीतलं काय थांबलं?’ तुम्हीही हाच विचारा. लोक आधी ‘काही नाही’ म्हणतात, मग थोडं थांबतात. ‘आता इरलं विणणारं कुणी राहिलं नाही, सगळे प्लास्टिक घेतात.’ ‘झऱ्याचा गाळ चैत्रात कुणी काढत नाही.’ ‘अडलेली म्हैस सोडवायची तर आता तालुक्याहून डॉक्टर येईपर्यंत थांबायचं.’ इथे कळव्याला माझ्या घरामागे खारीगाव आहे. तिथे आगरी लग्नात हळदीपासून धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, म्हणणारी एक धवलारीण होती. ती गेल्यावर तिच्या भाचीला सुरुवातीचे धवले येतात, पुढचे येत नाहीत. मग डीजे लावतात. त्या आजीबद्दल मला एवढं ठाऊक आहे आणि एवढं पुरेसं वाटतं. ती मनमिळाऊ नव्हती, फार तोंडाळ होती.

दुसरी गोष्ट, घरच्यांना सगळ्यात शेवटी विचारा. आधी बरोबर काम केलेल्यांना गाठा. तुमच्या अकरापैकी जे मुंबईला होते त्यांच्याबद्दल मुलगा सांगेल, ‘बाबा मार्केटला होते.’ बस्स. त्यांच्या टोळीतला एखादा जुना माणूस मात्र सांगेल की शंभर किलोची गोणी ते कुठल्या खांद्यावर घ्यायचे, मुकादमाशी कशावरून वाजलं होतं, वराईचे, म्हणजे मालाच्या चढ-उताराच्या मजुरीचे, पैसे वाटताना वही कुणाच्या हातात असायची. माथाडी कायदा 1969 चा. त्याआधी मशीद बंदरला कामाला लागलेला कुणी अजून हयात असेल तर पुस्तिका राहू द्या बाजूला, आधी त्याच्याकडे जा. सकाळी गाड्या रिकाम्या झाल्यावर चहाच्या वेळी जा, दुपारी ती माणसं झोपतात. तुमच्या वडिलांच्या ओळखीने हे काम चार दिवसांत होईल.

आणि नवरे मुंबईला असताना मागे गावात शेत, सासू-सासरे, गुरं आणि पोरं सांभाळणाऱ्या बायकांबद्दल त्यांच्या जावांना विचारा. मुलांना नको. आईला दुपारी किती वाजता भूक लागायची हे मुलांना ठाऊक नसतं, जावेला असतं.

माहेरच्या नावांचं म्हणाल तर ती सापडतात, पण जिथे शोधावीशी वाटत नाहीत तिथे. लग्नात नाव बदललं की बाईचं पहिलं नाव सासरच्या एकाही कागदावर राहत नाही. माहेरच्या कागदांवर असतं. तिचे वडील वारले तेव्हा वारसनोंदीच्या फेरफारात तिचं नाव आलं असणार, आणि पुढे भावांसाठी हक्कसोड केली असेल तर त्यावर तिचा अंगठाही असेल. माझ्या वहीतल्या तीन बायकांची नावं मला हक्कसोडपत्रांवरच मिळाली. जमीन सोडताना तेवढा एकदा सरकारने त्यांना नावानिशी विचारलं. याच्याही मागे जायचं असेल तर गाव नमुना 14, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. पानं फाटकी असतात, काही मोडीत असतात, आणि मुलीचं नाव न घालता नुसतं ‘मुलगी’ लिहून सोडलेलंही दिसतं, तेव्हा फार आशा धरून जाऊ नका. एखाद्या म्हातारीला जात्यावरच्या ओव्या आठवत असतील तर त्या म्हणून घ्या. ओवीत बाई बऱ्याचदा माहेरचं गाव आणि भावाचं नाव घालते. भाऊ सापडला की त्याच्या घरी बहिणीचं नाव सापडतं. छापताना ‘गं. भा.’ लावू नका. नाव इतक्या कष्टाने सापडल्यावर त्याच्यापुढे पुन्हा नवऱ्याचं मरण कशाला?

मृत्यूचे दिवसही लोकांना तिथीने आठवतात, ‘गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी’ वगैरे. ते पंचांगावरून काढता येतं. घरात जुनी कालनिर्णयं आहेत का तेवढं बघा. ते 1973 साली सुरू झालं, आणि काही घरांत दाराआड खिळ्याला दहा-दहा वर्षांची एकावर एक टांगलेली असतात. त्यांच्या चौकटींत दुधाचा हिशोब असतो, म्हैस व्यायल्याची तारीख असते, ‘तात्या मुंबईस गेले’ असतं. आमच्या वाडीतल्या एका आजोबांच्या आयुष्याचा एवढाच लेखी पुरावा आहे, आणि तो बऱ्यापैकी सविस्तर आहे.

फोटोसाठी आधार कार्डावरचा चेहरा मोठा करू नका. त्यात सगळेच पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. लोकांच्या लग्नांचे अल्बम चाळा. ही माणसं नवरदेवाशेजारी उभी नसतात, मागे पंगतीत वाढताना सापडतात.

आता दारूचं. यात मी स्वतः चुकले आहे, म्हणून सांगते. वाडीतल्या एका माणसाबद्दल मी वहीत लिहिलं की शेवटची दहा वर्षं तो गुत्त्यावरच असायचा. खरंच होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षश्राद्धाला चार जण जमले होते तेव्हा शहाणपणाने ते पान वाचूनही दाखवलं. सून उठून आत गेली. त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. पुढे एकदा टेम्पोत शेजारी बसावं लागलं तेव्हा म्हणाली, ‘त्यांनी विहीर काढली होती, बाई. एकट्याने, दोन उन्हाळे. ती तुम्ही बघायलासुद्धा आला नाहीत.’ मी गेले बघायला. पाणी होतं, एप्रिलमध्ये. पान पुन्हा लिहिलं. त्यात विहीर आधी आहे, दारू एका ओळीत आहे, आणि ती ओळ सुनेला दाखवून ठेवली आहे. तुम्हीही आधी त्याच्या घरी जा. घरचे नको म्हणाले तर ती ओळ गाळा. पण ‘अल्पशा आजाराने’ लिहू नका. वाडीत प्रत्येकाला खरं ठाऊक आहे, त्या दोन शब्दांवर लोक गालात हसतील आणि बाकीच्या पानावरचा विश्वासही उडेल. माणूस कशाने गेला हे लिहायलाच हवं असं कुठे आहे?

एक व्यवहाराची गोष्ट. कुणाला किती ओळी यावरून भावकीत कुरबुर होणार. होऊ द्या. ज्याचं जेवढं सापडलं तेवढं छापा, कुणाचं दीड पान, कुणाचं चार ओळी. ओढूनताणून सारखं करायला गेलात की परत ‘प्रेमळ, मनमिळाऊ’ येईल. क्रम मात्र मानाप्रमाणे लावू नका, गेल्या तारखेप्रमाणे लावा. त्यावर कुणाला बोलता येत नाही. शेवटी दोन-तीन कोरी पानं शिवून घ्या. यात्रेत पुस्तिका हातात पडली की लोक सांगायला लागतात, ‘अरे, हे राहिलं.’ तेव्हा जवळ पेन असू द्या.

प्रश्न : मी ऐरोलीला नोकरी करते. सासूबाई 81 वर्षांच्या, शहापूर तालुक्यात गावीच राहतात. त्यांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड कराव्यात असं वाटतं. पण मोबाइल पुढे धरला की म्हणतात, ‘मी मरायला टेकले का गं?’ नणंदही म्हणते अपशकुन आहे. काय करू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : त्या बरोबर बोलतात. समोर मोबाइल धरून ‘आई, तुमच्या लहानपणाबद्दल सांगा’ म्हटलं की मलाही असंच वाटेल. त्यांना एखादं काम शिकवायला सांगा. पापड म्हणा, वालाचं बिरडं म्हणा, कुळीथ पाखडणं म्हणा. ‘मला जमत नाही, हात बघून ठेवते’ असं सांगून, त्यांची परवानगी घेऊन मोबाइल डब्याला टेकवून ठेवा. हात चालू असला की तोंड आपोआप चालतं. तुमचं पाखडणं बघून त्या रागावतील आणि ‘आमची सासू असती तर’पासून सुरुवात करतील. मग मधे बोलू नका. नणंदेला पण शेजारी बसवा, ती चुका काढेल आणि त्यातून आणखी काही निघेल. मोबाइल घरूनच पूर्ण चार्ज करून न्या, ऐन वेळी वीज गेली तर पंचाईत नको.