थारच्या वाळूत गाडी घालण्याआधी

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही आमची फोर बाय फोर गाडी घेऊन जैसलमेरला जातोय. मी, मिस्टर, 11 वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांचे सासरे. सम, खुरी, रामगढ, लोंगेवाला, तनोट असा बेत आहे. मध्ये डांबरी रस्ता सोडून वाळूतून जायचं आणि एक रात्र उघड्यावर तंबूत काढायची, अशी मिस्टरांची फार इच्छा. वाळूत गाडी कधी चालवलेली नाही. सोबत दुसरी गाडी नाही. भावाने अमेरिकेहून उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आणून दिलंय, त्यामुळे अडकलो तरी मदत येईल असं मिस्टर म्हणतात. मला धास्ती वाटते. काय तयारी करावी? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, आधी ते यंत्र. ते घरीच राहू द्या. आपल्या देशात उपग्रहावर चालणारे फोन आणि मेसेंजर दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर सामानात असं यंत्र सापडलं म्हणून परदेशी पर्यटकांवर गुन्हे दाखल झालेत. तुम्ही तर सीमेवरच्या जिल्ह्यात निघालात. नाक्यावर झडतीत ते निघालं तर सहल तिथेच संपेल.

मग मदतीला बोलवायचं कसं? मी फौजेत ईएमईमध्ये (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) रिकव्हरी मेकॅनिक होतो. रुतलेली, उलटलेली, बंद पडलेली गाडी काढून आणायची, हेच काम; आणि नोकरीचा मोठा काळ जैसलमेरच्या बाजूला गेला. आमच्याकडे गाडी बाहेर पडली की तिची परतायची वेळ तळावर लिहिलेली असे. ती टळली की शोध सुरू. कोणी फोन करायची वाट बघत नसत. तुम्हीही तेच करा. एका कागदावर गाडीचा नंबर, रंग, माणसं किती, आज कुठून कुठे आणि कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता मागे फिरणार हे लिहा. एक प्रत हॉटेलात, एक फोटो घरच्या जबाबदार माणसाला. खाली स्पष्ट लिहा : संध्याकाळी सातपर्यंत आमचा फोन आला नाही तर आधी हॉटेलला आणि लगेच जैसलमेर पोलिसांना कळवणे. तो क्रमांक आधीच मिळवून कागदावर घाला, कारण पुण्यातून 112 फिरवलं तर फोन महाराष्ट्रातच लागेल. ऐनवेळी वाट बदलायची झाली तर रेंजमध्ये असतानाच कळवा, नाहीतर बदलू नका.

मागे फिरायची वेळ ठरवली की बाकीचं त्यात बसवायचं. डिसेंबरअखेर तिकडे साडेसातच्या सुमाराला उजाडतं आणि सहाच्या आत सूर्य मावळतो. दुपारी दोनला, जिथे असाल तिथून परत. म्हणजे काही बिघडलं तरी हातात चार तासांचा उजेड राहतो.

एकट्या गाडीने डांबर सोडायचं नाही. यात मी कुणालाही सूट देत नाही. दुसरी गाडी पुण्याहून न्यायची गरज नाही. जैसलमेर किंवा खुरीतून चालकासकट फोर बाय फोर जीप दिवसभरासाठी ठरवा. वाटाड्या तुमच्या गाडीत बसवून भागत नाही, त्याची गाडी पुढे हवी. पैसे ठरवण्याआधी त्याच्याकडे फावडं आणि दोर आहे का, ते डोळ्यांनी बघा.

आता कुठे जायचं नाही ते. सम आणि खुरीचा परिसर डेझर्ट नॅशनल पार्कला लागून आहे, आणि हे उद्यान 3,162 चौरस किलोमीटर पसरलंय. तिथे माळढोक आहे, ज्याला ते गोडावण म्हणतात. सोलापूरजवळ नान्नजला आपण या पक्ष्यासाठी अभयारण्य केलं आणि आपल्याकडून तो जवळजवळ गेलाच. देशात जे दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक या वाळवंटात आहेत. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. रस्ता सोडून फिरलेलं एक चाक पुरे होतं. उद्यानात गाडी आडवाटेला घालू नका, चालक “कोई नहीं देखता” म्हणाला तरी.

पोखरण आणि चांदनच्या फायरिंग रेंजकडे तर अजिबात वळू नका. न फुटलेले गोळे वाळूत दबलेले असतात आणि वारा सुटला की उघडे पडतात. तनोटच्या मंदिरापर्यंत आपल्याला जाता येतं; त्यापुढे सीमेकडे परवानगीशिवाय नाही. तिकडे रस्ता सोडायचा नाही, चौक्यांचे फोटो नाहीत, ड्रोन नाही, मूळ ओळखपत्रं प्रत्येकाकडे. म्हणून उघड्यावरच्या तंबूचा हट्ट सोडा आणि खुरीच्या एखाद्या कॅम्पवर राहा. रात्री पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो, सासऱ्यांच्या दृष्टीनेही तेच बरं. त्यांना रक्तदाबासाठी लघवीची गोळी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. कोरड्या हवेत अंगातलं पाणी कधी कमी झालं ते थंडीत कळतही नाही.

रण आणि कालव्याचा काठ, ही दोन ठिकाणं नवख्याला फसवतात. रण म्हणजे मिठाची सपाट जमीन. वरून कडक पापडी, खाली चिखल. इंदिरा गांधी कालव्याच्या कडेला पाझराने दलदल झालेली असते. कोरड्या वाळूत रुतलेली गाडी तासाभरात निघते, पण चिखलात बसलेलीला ट्रॅक्टर लागतो.

वाळूत उतरताना टायरची हवा 18 पीएसआयवर आणा. टायर लांबट पसरतो आणि गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं. रुतलीच तर 15. बाराच्या खाली गेलात तर टायर रिमवरून उतरेल. हवा कमी असताना झटक्यात वळू नका. डांबरावर येताच पुन्हा भरा, नाहीतर टायर तापून फुटतो. त्यासाठी बॅटरीला चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर घ्या; सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप या कामात लवकर मान टाकतात.

टेकाडावर (तिकडे त्याला धोरा म्हणतात) सरळ चढायचं, सरळ उतरायचं. आडवी नेली की गाडी लोळते. माथ्यापलीकडचा उतार दिसत नसेल तर अलीकडे थांबून पायी जाऊन बघा. थांबताना ब्रेक दाबू नका, गाडी आपोआप थांबू द्या, तोंड उताराकडे ठेवून. ब्रेकने चाकांपुढे वाळूचा ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो.

चाक जागेवर फिरलं की त्याच क्षणी पाय काढा. आणखी अर्धा मिनिट रेटलं की गाडी पोटावर बसते. मग सगळे खाली उतरा, मुलाला लांब सावलीत बसवा. आधी पोटाखालची वाळू काढायची, चाकांची नंतर. चेसी (गाडीचा खालचा सांगाडा) टेकलेली असताना चाकं मोकळी करून फायदा नाही. त्यानंतर प्रत्येक चाकामागे हातभर उतार खणा, चाकाच्या बुडाला लागेल असा. हवा 15 करा. आणि ज्या चाकोरीतून आलात तिच्यातूनच हळू मागे घ्या, कारण ती वाळू आधीच दाबली गेलीय. जॅक लावायचा तर खाली दीड फूट चौरस जाड फळी हवी, नाहीतर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच आत जातो.

दर थांब्याला एकदा वाकून गाडीखाली बघा. सेवण नावाचं गवत तिकडे भरपूर. सुकलेल्या काड्या सायलेन्सरभोवती गुंडाळतात आणि गाडी उभी केल्यावर धुमसायला लागतात. कालव्याजवळ एका खासगी जीपखालून धूर निघताना मी बघितलाय. आतली मंडळी चहा पीत होती. आम्ही काठीने गवत ओढलं, वाळू टाकली, तोवर एका वायरचं आवरण वितळलं होतं. आग विझवायचं नळकांडं चालकाच्या हाताशी ठेवा, सामानाच्या तळाशी नको.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, आणि एका दिवसाच्या सहलीला तीन दिवसांचं. चौघांचं 60 लिटर झालं. एकाच ड्रममध्ये नको. एक फुटला तर सगळं गेलं. डिझेल वाळूत दीडपट ते दुप्पट लागतं, म्हणून टाकी अर्धी झाली की परत. फोनमध्ये नकाशा उतरवून घ्या, रेंज नसली तरी ठिकाण दिसतं. रस्ता सोडता ती जागा खूण करून ठेवा. स्वतःच्या चाकोरीवर विसंबू नका, वारा ती काही तासांत बुजवतो.

आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत कुणीही निघायचं नाही. बॉनेट उघडा, सावली करा, तिथेच थांबा. शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते, आणि तुमच्या कागदावर वाट लिहिलेली आहे.

लोंगेवाल्याला जाल तेव्हा मुलाला रणगाडे दाखवाच. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री पाकिस्तानचे रणगाडे त्या वाळूत रुतले, जमिनीची नीट पाहणी न करता आले म्हणून. पहाटे आपली हंटर विमानं आली तेव्हा त्यांना हलता येईना.

प्रश्न : मी शारजात असतो. सुट्टीच्या दिवशी आमचा ग्रुप वाळूत जातो. रुतलेली गाडी ओढताना काही जण पट्टा मागच्या टो-बॉलला अडकवतात. चालतं का? – एक वाचक, शारजा

उत्तर : नाही दादा, कधीच नाही. तो गोळा ट्रेलर ओढायला असतो. झटका बसून तुटला की ताणलेल्या पट्ट्याबरोबर गोळीसारखा समोरच्या गाडीच्या काचेतून आत जातो, आणि यात जगभर माणसं गेलीत. पट्टा कंपनीने दिलेल्या, चेसीला बसवलेल्या ओढायच्या हुकलाच, वजन सोसणाऱ्या शॅकलने (जोडायची मजबूत कडी) लावा. लोखंडी साखळी झटक्याने ओढायची नाही. पट्ट्यावर मधोमध जाड गोधडी टाका, म्हणजे तुटलाच तर वर उडणार नाही. पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात चालकांशिवाय कोणी नको. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्यालाही लांब पाठवा, तोच सगळ्यात जवळ उभा असतो. आणि ओढण्याआधी खणा. निम्म्या गाड्या फावड्यानेच निघतात.

प्रश्न : मे महिन्यात जैसलमेरला हॉटेलं स्वस्त मिळतात. तेव्हा वाळूत गेलो तर? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जाऊ नका. त्याच पट्ट्यातल्या फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंश नोंदले गेले. त्या उन्हात अर्धा तास खणलं तरी धडधाकट माणूस आडवा होतो. जायचंच असेल तर किल्ला, हवेल्या, गडीसर तलाव सकाळी दहाच्या आत बघा आणि गाडी डांबरावरच ठेवा. वाळूसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी.