लव्हबर्ड्स नव्याने आणताय? आधी वाटी फुंका

पहिलं म्हणजे, आपल्याकडे दुकानात ‘लव्हबर्ड्स’ म्हणून बऱ्याचदा बजरीगरच (लांब शेपटीचा छोटा ऑस्ट्रेलियन पोपट) देतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. आखूड शेपटीचा, जाड चोचीचा. तुमचा कोणता ते बघून घ्या.

खाणं मुख्यतः राळं आणि बाजरी, सोबत थोडी ज्वारी. एका पक्ष्याला दिवसाला दीड-दोन मोठे चमचे पुरतात. सूर्यफुलाच्या बिया चार-पाचच. त्या आवडतात म्हणून वाढवल्या की चरबी यकृतावर चढते. नवखे हमखास फसतात ते वाटीत: पक्षी दाणा सोलून टरफल तिथेच टाकतो, वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी राहतो. रोज सकाळी वाटी फुंकून बघा. कोथिंबीर, मेथी, किसलेलं गाजर धुऊन द्या, उरलेलं दोन तासांत काढा. कॅल्शियमला समुद्रफेन (कटलफिश या समुद्री जिवाचं पांढरं हाड) टांगा. अॅव्होकॅडो, चॉकलेट, कांदा बिलकुल नको.

सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली पिंजरा ठेवू नका. पक्षी चोच उघडून धापा टाकतोय, पंख अंगापासून लांब धरतोय, म्हणजे त्याला ऊन बाधलंय: लगेच सावलीत न्या, पायांवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारा, बर्फाचं पाणी नको. कूलरचा झोत थेट अंगावर नको. पाणी दिवसातून दोनदा बदला.