शोधायचं तर हातच्याची वजाबाकी शोध

प्रिय बाई,

(दचकू नकोस, आता गावभर तुला हेच म्हणणार.)

मुलांना अभ्यासाची गोडी कशी लावावी यावर चांगलं साहित्य सुचवा, असं लिहिलंस आणि सोबत शिक्षकांच्या गटांवर आलेल्या फायलींची यादीही पाठवलीस. यादी वाचली. निम्म्याहून जास्त फायली म्हणजे सुविचार आणि ‘यशस्वी विद्यार्थ्याच्या सवयी’. त्या पुसून टाकल्यास तरी तुझ्या वर्गाचं काही अडणार नाही, फोनमध्ये जागा तेवढी होईल.

त्यातला तो त्रिकोण मात्र बघ. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, स्वतः केलेलं ९० टक्के. प्रशिक्षणाला गेलीस की पडद्यावर हा हमखास भेटेल. एडगर डेल या अमेरिकी अभ्यासकाच्या १९४६ सालच्या पुस्तकात अनुभवांचा शंकू आहे खरा, पण त्यावर टक्के नाहीतच. ते मागाहून चिकटवले गेले. माणसाची आठवण अशी दहा-दहाच्या पायऱ्यांनी वाढेल का, एवढी शंका आली असती तरी पुरे होतं. यापुढे असा आकडा दिसला की तो कुणी, कुठल्या मुलांवर मोजला ते विचार. उत्तर नसेल तर पुढे पाठवू नकोस.

चांगल्या कामाला बक्षीस म्हणून चांदणी चिकटवायचा भिंतीवरचा तक्ताही तुझ्या यादीत आहे. लाव हवा तर, पण १९७३ सालचा लेपर, ग्रीन आणि निसबेट यांचा प्रयोग माहीत असू दे. त्यांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता, नंतर दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात कोण किती रमतं ते पाहिलं, तर ज्यांना बक्षीस आधीच कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र टिकली. म्हणजे खोट बक्षिसात नाही, सौद्यात आहे. गोष्टीची पुस्तकं आपणहून उचलणाऱ्या मुलीला पुस्तकामागे एक चांदणी देऊ नकोस. वाचू दे तिला.

आता तुझी पाचवी. ‘मुलांना उत्साहच नाही’ असं लिहितेस तेव्हा मला त्यांच्या वह्या बघाव्याशा वाटतात. ४२ वजा १७, उत्तर ३५, असं कुणी लिहिलंय का बघ. कुणीतरी लिहिलेलं असेलच. त्याचं लक्ष नव्हतं असं समजू नकोस. त्याने एक नियम नेमाने पाळलाय: लहानातून मोठा जात नाही, म्हणून मोठ्यातून लहान काढायचा, सातातून दोन गेले पाच. असा मुलगा रोज मेहनत करतो, रोज लाल फुली घेतो आणि एक दिवस वही उघडायचंच सोडतो. आपण म्हणतो, याला आवड नाही.

त्याच्यापुढे दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेव. म्हण, सतरा दे मला. दोनच सुट्या दिसल्यावर तो अडेल, तुझ्याकडे बघेल. तू गप्प राहा. हे अवघड जातं, आपल्याला बोलायची सवय. थोड्या वेळाने तोच एका गठ्ठ्याचं रबर काढील. हातात पंचवीस उरल्या की वहीतल्या ३५ कडे बघून तो स्वतःच काहीतरी पुटपुटेल. त्या मिनिटानंतर त्याला चांदणी लागत नाही.

म्हणून शोधताना ‘प्रेरणा’ शोधू नकोस, ‘हातच्याची वजाबाकी’ शोध. ‘जोडाक्षरं वाचताना अडखळणं’ शोध. अडचण जितकी नेमकी, तितकं कामाचं सापडतं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर नेतो. तिथे ढीग आहे, त्यामुळे धडा ठरवूनच जा, नाहीतर रात्र जाईल. विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची खेळणी आहेत, मराठी पुस्तकंही फुकट आहेत. वाचनासाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक; १९७१ पासूनचे जुने अंक मोफत मिळतात. तुझ्या स्वतःसाठी पुण्याचं ‘शैक्षणिक संदर्भ’ हे नियतकालिक चाळ.

आणि ताराबाई मोडक, अनुताई वाघ या शिक्षणतज्ज्ञांच्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या कामाविषयी मिळेल ते वाच. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. ‘मुलांना आवड नाही’ हे वाक्य त्यांनी अहवालात लिहून भागवलं नाही. तुझ्याकडे ऊसतोडीवरून परतलेली मुलं आहेत, त्यांच्यासाठी यातून फायलींपेक्षा जास्त सुचेल.

शिक्षण परिषदेला येशील तेव्हा पाच-सहा वह्या पिशवीत टाकून आण, हुशार मुलांच्या नकोत. आणि शेजारच्या शाळेतल्या बाईंनाही आणायला सांग. भाषणं संपली की मागच्या बाकावर बसून बघू.

तुझी,
मोठ्या बाई