नवा पंप आला म्हणून भाकरी मोजायची सुटत नाही

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यातले. पोराला टाइप १ शुगर, वय १४, पाच वर्षं झाली इन्सुलिनचा जुना पंप आहे. आता डॉक्टर म्हणतायत सेन्सरवाला ऑटोमॅटिक घ्या, मिनीमेड ७८०जी. आमच्या ह्यांचं म्हणणं, सगळं मशीनच बघतंय तर भाकरी-भात मोजायचा कशाला? खरं काय? आणि बदलताना काय घोळ होतो?

उत्तर: ताई, ह्यांना सांगा मोजायचंच. हा पंप सेन्सर बघून दर ५ मिनिटांनी इन्सुलिन कमीजास्त करतो, बरोबर, पण ताटात काय वाढलंय ते त्याला दिसत नाही, जेवणातल्या कार्बचा (पिष्ट-साखरेचा) आकडा जेवायच्या १०-१५ मिनिटं आधी पोरानंच पंपात टाकायचा. आणि पोरं फसतात ती इथंच. लग्नात जेवून हात धुताना आठवतं की बोलस (जेवणाचा इन्सुलिन डोस) राहिला, तोवर शुगर चढताना बघून पंपानं आपणहून इन्सुलिन सोडलेलं असतं, त्यावर पूर्ण जेवणाचा आकडा टाकला की थोड्या वेळानं शुगर धाडकन खाली. उशीर झाला तर किती टाकायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

घोळ म्हणाल तर जुन्यातले आकडे आपोआप नव्यात येत नाहीत. बेसल रेट (दिवसभर थोडं थोडं जाणारं इन्सुलिन), कार्ब रेशो (एका युनिटला किती ग्रॅम कार्ब), सेन्सिटिव्हिटी (एका युनिटनं शुगर किती उतरते), सगळं जुना बंद करायच्या आधी वहीत लिहा, फोटो पण काढा, सेल उतरला की मग शोधत बसाल. ॲक्टिव्ह इन्सुलिन टाइम (दिलेलं इन्सुलिन किती तास काम करतं धरायचं तो आकडा) जुन्यात ४ तास असेल आणि डॉक्टरांनी नव्यात २ केला तर चूक समजून परत फिरवू नका, इथं तो कमीच ठेवतात. सुरुवातीचे ४८ तास ऑटो मोड (पंपानं आपणहून इन्सुलिन कमीजास्त करणं) लागत नाही, म्हणून सोमवारी सुरू करा, शनिवारी नको, रविवारी फोन कोण उचलतंय!

मेडिकलवाला सवयीनं इन्सुलिनची मिलीला ४० युनिटची बाटली देतो, पंपाला १०० चीच लागते, तीपण रॅपिड (लगेच काम करणारी), लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. पंपात लाँग-ॲक्टिंग (दिवसभर पुरणारं) इन्सुलिन नसतं, नळी तुंबली की काही तासांत कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारं घातक आम्ल) होतात, तेव्हा इन्सुलिनचं पेन आणि कीटोन पट्ट्या दप्तरात हव्यातच. शुगर २५० च्या वर अडकून बसली, उतरायचं नाव नाही, तर पंपावर भरवसा न ठेवता कीटोन बघा, पेननं इंजेक्शन द्या आणि सेट (नळी-सुई) बदला, पेनचा डोस किती तेपण आजच विचारून ठेवा.

लाइटचं टेन्शन नको, पंप साध्या पेन्सिल सेलवर चालतो. ट्रान्समीटर (सेन्सरचं वाचन पंपाला पाठवणारा तुकडा) मात्र सेन्सर बदलताना, म्हणजे ७ दिवसांनी, चार्जला लावायचा, तर पावसाळ्यात तुमच्याकडं लाइट जायच्या आत लावून घ्या.