खोलायच्या आधी हाक मार

तुझा मेसेज रात्री 1 वाजून 40 मिनिटांनी आला. ‘सर, मी टीम सोडतो. चूक माझी नव्हती, तरी सोडतो.’ आपल्या कोल्हापूरकडच्या पोरी ‘सोडतो’ म्हणतात, ‘सोडते’ नाही, याचं पुण्याकडच्यांना फार नवल वाटतं. मला त्या एका शब्दात तुझं फुगलेलं तोंड दिसलं. फोन लावणार होतो, पण फोनवर मी ओरडलो असतो, म्हणून लिहितोय. वर नाव घातलेलं नाही. हे पत्र तू टीमला दाखवावंस असं मला वाटतं.

हरणं-जिंकणं चालायचंच, अनुभव महत्त्वाचा वगैरे मी सांगणार नाही. ते बक्षीस वाटायला आलेल्या पाहुण्यांनी सांगून झालं असेल.

कामाचंच बोलू. रोबोंच्या स्पर्धेच्या आदल्या रात्री साडेनऊला तू उद्यमनगरात माझ्या वर्कशॉपवर आलीस तेव्हा मी शटर निम्मं खाली ओढलं होतं. तुझ्या काखेत रोबोचा हात, ब्रॅकेट वाकलेला, हात टोकाला पोचला की त्याला थांबवणाऱ्या लिमिट स्विचची पत्ती तुटून लोंबत होती. आपण 3 एमएमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून नवा ब्रॅकेट कापला, भोकं पाडली, आटे मारले. एका भोकाचे आटे गेले तेव्हा माझ्याआधी तूच म्हणालीस, ‘राहू दे, आरपार पाडून मागनं नट लावूया.’ मी मनात म्हटलं, पोरगीला हात आहे.

मग होस्टेलवर जाऊन तू रात्री एकटीनं स्विच बदललास, आणि बदलता बदलता वायरिंगही बदललंस. आधी स्विच दाबला की सर्किट जुळायचं. आता दाबला की तुटेल असं केलंस. का केलंस तेही मला कळतं. जुन्या पद्धतीत वायरच तुटली तर कंट्रोलरला पत्ता लागत नाही, हात वर जात राहतो आणि काहीतरी मोडूनच थांबतो. नव्या पद्धतीत वायर तुटली की त्याला वाटतं टोक आलं, आणि तो गप थांबतो. चांगल्या मशिनींवर असंच वायरिंग असतं. म्हणजे तू केलंस ते बरोबर होतं. माझ्यापेक्षा बरोबर, कारण मी तुला हे सुचवलंही नव्हतं.

आणि मला राग त्याचाच आहे. चुकीचं केलं असतंस तर सकाळी कुणीतरी बघून बोंब मारली असती. बरोबर केलंस, म्हणून तुला वाटलं, यात सांगायचं काय?

कोड लिहिणाऱ्या पोराला काय ठाऊक? त्याचा प्रोग्राम जुन्या वायरिंगचा. सर्किट जुळलेलं दिसलं की त्याच्या लेखी हात वर पोचला. पहिल्या मॅचला हात जागचा हललाच नाही. त्यानं घाबरून दुसऱ्या मॅचच्या आधी स्विच तपासायची ओळच बंद करून टाकली, तुला न विचारता. मग हात सुटला तो थांबेना, आणि गिअरचे दात झडले. आता तो म्हणतो तिनं केलं, तू म्हणतेस त्यानं केलं, आणि मधल्या मध्ये मला न्यायाधीश केलाय. ‘सर, तुम्हीच सांगा चूक कुणाची.’ अगं, बांध कुणी कोरला यावर भावकी भांडते तसलं हे भांडण. त्यात शेत दोघांचंही पडीक राहतं.

खोलायच्या आधी हाक मार. खोललंस तर सांग. मला एवढंच म्हणायचं आहे, आणि ते मी शेवटपर्यंत म्हणत राहणार आहे. कंटाळा आला तर मध्ये चहा पिऊन ये.

माझी पहिली नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत होती. तिथं ओतकामाची लेडल, म्हणजे पातळ लोखंडाचं भांडं, दोन माणसं दांड्यानं उचलून न्यायची. एक पुढं, एक मागं, मध्ये 1400 अंशांच्या आसपास तापलेलं पातळ लोखंड. पुढच्याला मागचा दिसत नाही. म्हणून मागचा म्हणायचा ‘चल’, पुढचा म्हणायचा ‘चल’, आणि मग पाऊल. थांबायचं असलं तरी आधी आवाज, मग पाय. वीस-वीस वर्षं एकत्र ओतणारी माणसं, एकमेकांची चाल झोपेतही ओळखणारी, तरी रोज, प्रत्येक खेपेला, ‘चल’. पहिल्या आठवड्यात मला हे जरा खुळचट वाटलं. मग एकदा नव्या पोरानं आवाज न देता पाय थांबवला. थेंबभर लोखंड ओल्या फरशीवर पडलं आणि फटाक्यासारखं उडालं. कुणाला लागलं नाही. पण त्यानंतर मला काही खुळचट वाटलं नाही.

हे शहाणपण मला दोन वर्षं आधी आलं असतं तर बरं झालं असतं. ते कसं, ते सांगतो. खरं तर सांगायची इच्छा नाही.

2008 साली आंतरराष्ट्रीय रोबोकॉन, म्हणजे कॉलेजांच्या रोबोंची स्पर्धा, पुण्यात व्हायची होती. विषय आपल्याच मातीतला, ‘गोविंदा’. हंड्या, लोणी, सगळं. त्याआधी देशातल्या कॉलेजांची फेरी होती, आणि आम्ही आठ जण रोबो ताडपत्रीत गुंडाळून टेम्पोनं निघालो. घाटात प्रत्येक वळणाला आम्ही त्याला लहान पोरासारखं धरत होतो. आदल्या रात्री डाव्या चाकाची मोटर जळाली. बाकीचे सात जण झोपले होते. मी कुणाला उठवलं नाही. खोटं कशाला बोलू, मला त्यात मोठेपणा वाटला. सकाळी उठून बघतील, रोबो तयार, आणि कुणीतरी म्हणेल, रात्रीत केलास होय रे?

सुटी मोटर काढली, लाल वायर लालला, काळी काळीला, सोल्डर मारला, झोपलो. ती मोटर दुसरीकडून घेतलेली, तिचे रंग उलटे. सकाळी सरावाला रोबो पट्टीवर ठेवला तर उजवं चाक पुढं आणि डावं मागं. जागच्या जागी फुगडी. शेजारच्या टीमची पोरं हसली. मला लगेच उलगडा झाला. रोबो कोपऱ्यात नेला आणि पाठ करून दोन वायरी उलट्या केल्या. दोन मिनिटांचं काम, त्यात बोलायचं काय? त्याच वेळी आमचा कोडवाला, माझा जिवलग, जिन्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. फुगडी त्यानंही बघितली होती, उलगडा त्यालाही झाला होता. त्यानं प्रोग्राममध्ये डाव्या चाकाची दिशा फिरवून टाकली. त्यालाही वाटलं, दोन मिनिटांचं काम, त्यात बोलायचं काय?

उलटं होतं ते मी सुलटं केलं. माझं सुलटं त्यानं पुन्हा उलटं केलं. मॅचची शिट्टी वाजली आणि अख्ख्या हॉलसमोर आमच्या रोबोनं फुगडी धरली. उचलून परत सुरुवातीला ठेवला, परत फुगडी. तीन मिनिटांची मॅच. चहा उकळायलाही पुरत नाहीत तीन मिनिटं, पण ती संपता संपेनात.

मैदानातून बाहेर आल्या आल्या मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, ‘कोडला हात कशाला लावलास?’ तो गप्प राहिला. वायरींचं मी बोललो नाही.

आता तू म्हणशील, सर, तुम्ही उठवायला पाहिजे होतं. पाहिजे होतं. पण तूच सांग, तीन रात्री जागलेली पोरं, कुणाच्या अंगावरचं पांघरूण ओढायचं? मोटर बदलणं माझंच काम होतं, दुसऱ्याचं नव्हतं. आणि रंग उलटे असतात हे मला कुणी सांगितलं होतं? त्यानं कोडला हात लावला नसता तर रोबो सरळ गेला असता, ही वस्तुस्थिती आहे. बघितलंस ना? इतकी वर्षं झाली, पण माझा वकील अजून काळा कोट घालून बसलेला आहे. तुझ्या मेसेजमधला तो ‘चूक माझी नव्हती’ वाचल्यावर मला झोप का लागली नाही ते आता तुला कळेल.

आणि परवाचं घे. तू रात्री एकटी आलीस तेव्हा मी विचारायला हवं होतं की बाई गं, बाकीच्यांना माहीत आहे का? नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी माझी कागलला डिलिव्हरी होती, चाळीस बुश टर्निंगचे राहिले होते, डोक्यात तेच. शिवाय मला वाटलं, विचारलं तर तुला वाटेल माझ्यावर विश्वास नाही. हे सगळं खरं आहे आणि हे सगळं निमित्तही आहे.

तुला राधानगरी धरणाचं उदाहरण देतो. तिथले सात दरवाजे आपोआप उघडतात. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की माणसाचा हात न लागता उघडणार, उतरलं की मिटणार. तुझ्या रोबोला जे जमावं म्हणून तू रात्री जागतेस ते त्या दरवाजांना केव्हापासून जमतंय. पण एक दरवाजा उघडला की अख्ख्या कोल्हापूरच्या मोबाइलवर काय येतं? दरवाजा क्रमांक 6 उघडला, 1428 क्युसेक विसर्ग. कुठला उघडला आणि किती पाणी सुटलं. जो दरवाजा कुणाला न विचारता उघडतो त्याचीही दवंडी पिटतात, कारण खाली गावं आहेत. तुझ्या स्विचच्या खालीही गाव होतं. कोड होता, गिअर होता, आणि सहा पोरं होती.

आपल्या गावाला एकट्या गड्याचं वेड फार. खासबागचं कुस्तीचं मैदान 1912 ला बांधून झालं, तेव्हापासून आपल्याला हौद्यात एकटा उभा राहून मांडी ठोकणारा दिसला की अंगावर काटा येतो. मलाही येतो. पण याच गावाला पेठांच्या फुटबॉलचंही तेवढंच वेड आहे. शाहू स्टेडियमवर एकदा गोलच्या मागं जाऊन उभी राहा. गोलकीपर दीड तासात घसा बसेपर्यंत ओरडत असतो: मागं बघ, सोड, माझा, माझा. बॉलला हात लावायच्या आधी ‘माझा’ म्हणतो. का? कारण त्याच बॉलवर त्याचाच बॅक धावून येत असतो. तुमची मॅच बघितलीस तर सहाच्या सहा पोरं आपापल्या कोपऱ्यात हुशार, आणि सगळी मुकी.

ऐनवेळी खोलूच नका असं म्हणणारा मी नाही. खोलावं लागतंच. पण खोलताना तोंड उघडं पाहिजे. माझ्या लेथला सुतळीनं वही बांधलेली आहे, तू बघितली असशील, तेलकट, कव्हर नसलेली. टूल बदललं, बुश बदललं, बेल्ट ताणला, लिहायचं. मी एकटाच असलो तरी लिहितो, कारण सकाळचा मी रात्रीच्या मला ओळखत नाही. तुम्हाला वही नको. चॅसीवर मास्किंग टेपचा तुकडा आणि मार्कर बास. ‘लिमिट स्विच उलटा केला, कोड बघ.’ सहा शब्द. चिकटवून झोपली असतीस तर सकाळी त्यानं एक चिन्ह बदललं असतं आणि आज तू मला पेढे आणून दिले असतेस. आणि टेपवर भरवसा ठेवून गप्पही बसू नकोस. उठव त्याला. शिव्या देईल, देऊ दे. झोपेतल्या शिव्या सकाळी कुणाला आठवत नाहीत.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर चढलं आणि कोल्हापूरला यायचा-जायचा रस्ताच बंद पडला, तेव्हाची गोष्ट. अकरा वर्षांनी त्याचा फोन आला, त्या माझ्या कोडवाल्याचा, बंगळूरहून. ‘मशिनी वर उचलल्यास का?’ म्हटलं, हो. ‘घरात सगळे आहेत?’ म्हटलं, आहेत. मग दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. पावसाचा आवाज येत होता, माझ्याकडचा. त्या वायरींचं तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, रेंज जाते-येते, ठेवतो. रेंज चांगली होती.

तर टीम सोडायची का, हा तुझा प्रश्न. सोड की. मी कोण अडवणारा? पण टीम सोडणं हेही खोलणंच आहे, आणि तेही तू रात्री पावणेदोनला एकटीनं करायला निघालीस. आधी त्याला हाक मार. स्विचचं सांग, तुझ्या तोंडानं, कारणासकट. तो उलट ओरडेल तेव्हा वकील उभा करू नकोस. त्यानं ती ओळ बंद केली हे त्याला आपणहून बोलू दे. नाही बोलला तरी तुझं तू सांगून मोकळी हो. मग सोडायचं तर सोड.

रविवारी सकाळी नऊला दोघं या. एकटी आलीस तर शटर उघडणार नाही, खरंच सांगतो. गिअर मी बघतो, दात कापणारा हॉबिंगवाला ओळखीचा आहे, दोन दिवसांत देईल. मिसळ माझ्याकडून. माझ्या मित्राचं मी काय करणार ते मात्र विचारू नकोस, नंबर आहे माझ्याकडे. आणि तो तुटलेला स्विच फेकला नसशील तर घेऊन ये, पत्ती कुठून तुटली ते बघायचं आहे.