पोस्टग्रेसचे लॉग युजरनुसार वेगळे कसे करायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, पोस्टग्रेस या डेटाबेसचा एकच सर्व्हर, त्यावर हिशेब, गोदाम आणि डिस्पॅच असे तीन युजर. प्रत्येकाच्या लॉगची (सर्व्हर लिहितो त्या नोंदींची) वेगळी फाइल हवी.

पोस्टग्रेस स्वतःहून युजरगणिक फाइल पाडत नाही. लॉग_फाइलनेम या सेटिंगमध्ये तारीख-वेळेची चिन्हं चालतात, युजरचं नाव चालत नाही. म्हणून लॉग एकत्रच लिहू द्या, फक्त प्रत्येक नोंदीवर युजर उमटवा आणि नंतर गाळा.

त्याआधी एक गोष्ट तपासा, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. तिन्ही विभागांची माणसं काम करत असताना पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या चालू कनेक्शनच्या यादीमधला यूजनेम हा कॉलम बघा. सगळीकडे एकच नाव दिसलं, तर तुमचं सॉफ्टवेअर एकाच खात्याने आत शिरतंय आणि पुढचं काही उपयोगाचं नाही. व्हेंडरला वेगळे रोल, म्हणजे पोस्टग्रेसमधली युजरची खाती, द्यायला लावा. ते होईपर्यंत ॲप्लिकेशन_नेम (कनेक्शनसोबत येणारं प्रोग्रामचं नाव) भरून घेता येईल, पण ते कुणालाही बदलता येतं. पुरावा म्हणून धरू नका.

रोल वेगळे असतील तर लॉग_लाइन_प्रीफिक्स = '%एम [%पी] %यू@%डी ' ठेवा, म्हणजे प्रत्येक नोंदीआधी वेळ, प्रोसेसचा नंबर, युजर आणि डेटाबेस उमटतो. अक्षरं इंग्रजी, स्मॉल. शेवटची मोकळी जागा राहू द्या, नाहीतर पुढचा मजकूर चिकटतो. यासाठी सेटिंग नुसती रीलोड केली की पुरतं, रीस्टार्ट नको.

आता 'गोदाम@' वर ग्रेप (जुळणाऱ्या ओळी शोधणारी कमांड) मारावंसं वाटेल. तिथेच घोळ होतो. क्वेरी चार ओळींची असेल तर प्रीफिक्स फक्त पहिल्या ओळीला लागतो, बाकीच्या टॅबने सुरू होतात आणि ग्रेपमधून गळतात. 'अपडेट स्टॉक' दिसतं, 'व्हेअर'ची अट गायब. कुठला माल कमी केला ते कळतच नाही.

त्यापेक्षा लॉग_डेस्टिनेशन = 'सीएसव्हीलॉग' करा, म्हणजे लॉग स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या कॉलममध्ये लिहिला जातो. त्याला लॉगिंग_कलेक्टर (लॉग गोळा करून फाइलमध्ये लिहिणारी प्रोसेस) चालू लागतो, आणि तो बंद असेल तर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागेल. शिफ्ट सुटल्यावर करा. फाइल कॉपी कमांडने टेबलात भरली की युजर_नेमवर व्हेअर लावून हवं ते काढा. टेबलाची रचना तुमच्याच आवृत्तीच्या मॅन्युअलमधून घ्या: 13 मध्ये एक आणि 14 मध्ये दोन कॉलम वाढलेत, जुनी रचना घेतली तर कॉपी एरर देते. सेशन_आयडी आणि सेशन_लाइन_नम यांची प्रायमरी की ठेवा, म्हणजे तीच फाइल दुसऱ्यांदा भरली जाणार नाही. आजची, अजून लिहिली जात असलेली फाइल भरू नका.

सगळ्यांचं सगळं लिहायची गरज नाही. सुपरयुजरने (सगळे अधिकार असलेल्या खात्याने) 'अल्टर रोल डिस्पॅच सेट लॉग_स्टेटमेंट = 'मॉड'' केलं की त्या रोलचे बदलच नोंदले जातात, नुसती बघणी नाही. हे नव्या सेशनलाच लागू होतं. जुनी कनेक्शन तोडून पुन्हा जोडायला सांगा.

पासवर्ड 'अल्टर रोल'ने बदललात तर तो लॉगमध्ये उघडा पडू शकतो. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन प्रोग्राममधलं \पासवर्ड वापरा, आणि लॉग_फाइल_मोड 0600 (फक्त फाइलच्या मालकाला वाचता-लिहिता येईल) असाच राहू द्या.